घसा वाचला, घासाचे काय?

माणसाच्या घशात एक चौक आहे. नाकातून आलेली हवा आणि तोंडातून आलेला घास या दोघांनाही याच चौकातून जावे लागते. हवेची पुढची वाट श्वासनलिकेत जाते, ती पुढच्या बाजूला; अन्नाची वाट अन्ननलिकेत जाते, ती मागच्या बाजूला. या दोन वाटा एकमेकींना घशात छेदतात. श्वासनलिकेच्या तोंडाशीच स्वरयंत्र बसलेले आहे. बोलणे, गिळणे आणि श्वास घेणे ही तीन कामे निसर्गाने अशी एकाच जागी एकत्र आणली आहेत.

या चौकातली वाहतूक कशी चालते हे वर्गात सहज करून पाहता येते. विद्यार्थ्यांना गळ्याच्या पुढच्या उंचवट्यावर हलकेच बोट ठेवून आवंढा गिळायला सांगावे. उंचवटा वर सरकतो आणि पुन्हा खाली येतो. हे स्वरयंत्र वर आणि पुढे जाऊन जिभेच्या मुळाखाली आश्रय घेत असते. त्याच क्षणी त्याच्यावरची झडप मिटते, स्वरतंतू जुळतात, श्वास थांबतो आणि घास मागच्या वाटेने निघून जातो. घशातला हा सगळा प्रकार एका सेकंदाच्या आत आटोपतो. आता बोट तिथेच ठेवून आधी 'प' आणि मग 'ब' म्हणावे. 'ब'च्या वेळी बोटाला कंप जाणवतो. ज्याला व्याकरणात आपण घोष वर्ण म्हणतो, तो स्वरतंतूंच्या या कंपनाने होतो. 'प' म्हणताना टाळूचा मागचा मऊ भाग नाकाची वाट बंद करतो. ती बंद झाली नाही तर 'ब'चा 'म' होतो, आणि गिळताना ती बंद झाली नाही तर पाणी नाकातून येते. उच्चाराचे आणि गिळण्याचे स्नायू पुष्कळसे एकच आहेत, हे एवढ्यावरून लक्षात येईल.

तोंड, घसा किंवा स्वरयंत्र यांचा कर्करोग होतो, तेव्हा तो या चौकावरच ठाण मांडतो. त्याच्यावर किरणांचा मारा करायचा तर तोही इथेच करावा लागतो. या उपचाराचा इतिहास वाचताना आम्हाला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. वैद्यकाने आधी फक्त जीव मोजला, मग आवाज मोजला आणि घास मोजायला सर्वांत उशिरा सुरुवात केली. हा उशीर का झाला, आणि त्याची किंमत कोणी दिली?

आरशात दिसलेला आवाज

स्वरयंत्र जिवंत माणसात काम करताना कसे दिसते, हे पाहण्याची रीत घालून दिली ती एका शिक्षकाने. मान्युएल गार्सिया हे मूळचे स्पॅनिश गायनशिक्षक. १८५४ साली त्यांनी लांब दांड्याचा छोटा आरसा घशाशी धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडला आणि स्वतःचेच स्वरतंतू हलताना पाहिले. पुढच्या वर्षी त्यांचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. गाणे शिकवण्यासाठी केलेली ही युक्ती डॉक्टरांनी उचलली आणि घशातल्या गाठी दिसू लागल्या.

पण दिसणे वेगळे आणि बरे करणे वेगळे. ३१ डिसेंबर १८७३ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोट यांनी कर्करोगासाठी एका रुग्णाचे संपूर्ण स्वरयंत्र काढले. रुग्ण शस्त्रक्रियेतून वाचला. त्याला बोलता यावे म्हणून बिलरोट यांचे सहकारी गुसेनबाउअर यांनी कृत्रिम स्वरयंत्रही बनवले. परंतु काही महिन्यांतच रोग उलटला आणि रुग्ण दगावला.

१८८७ साली जर्मनीचे युवराज फ्रेडरिक यांचा आवाज बसला. जर्मन शल्यचिकित्सकांना कर्करोगाचा संशय होता. इंग्रज तज्ज्ञ मोरेल मॅकेन्झी यांनी काढलेल्या तुकड्यांत रुडॉल्फ फिर्को यांना सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोग आढळला नाही, आणि शस्त्रक्रिया टळली. रोग मात्र वाढत गेला. फेब्रुवारी १८८८ मध्ये श्वासासाठी त्यांच्या गळ्याला छिद्र पाडावे लागले. मार्चमध्ये ते सम्राट झाले तेव्हा त्यांना बोलता येत नव्हते. चिठ्ठ्या लिहून ते राज्य चालवत. ९९ दिवसांनी, १५ जून १८८८ रोजी, त्यांचा मृत्यू झाला. त्या काळी घशाच्या कर्करोगापुढे दोनच वाटा होत्या. एक, आवाज देऊन जीव वाचवण्याचा प्रयत्न करणे. दुसरी, आवाज राखण्याच्या आशेवर जीव पणाला लावणे.

मात्रा वाटून देण्याची कल्पना

१८९५ च्या नोव्हेंबरात राँटजेन यांना क्ष-किरण सापडले, आणि १८९८ मध्ये क्युरी दांपत्याने रेडियम शोधले. नव्या किरणांनी गाठी वितळतात हे लवकरच दिसले. पण गाठीबरोबर कातडीही जळे.

यातून मार्ग निघाला पॅरिसच्या रेडियम संस्थेत. तिथे क्लोदिअस रेगो हे मेंढ्याच्या वृषणांवर प्रयोग करीत होते. वृषणातल्या पेशी सतत विभाजित होत असतात, म्हणून त्यांना त्यांनी गाठीच्या जागी कल्पिले. वरची कातडी म्हणजे निरोगी ऊती. एकाच वेळी मोठी मात्रा दिली, तर मेंढा वंध्य होण्याआधी कातडी भाजून निघे. तीच मात्रा अनेक दिवसांत वाटून दिली, तर मेंढा वंध्य होई आणि कातडी टिकून राही. निरोगी पेशी दोन मात्रांमधल्या वेळात आपली दुरुस्ती करून घेतात, गाठीच्या पेशींना ते तितके साधत नाही, असा याचा अर्थ आज आपण लावतो.

रेगो यांचे सहकारी आँरी कुतार यांनी हे तत्त्व घशावर वापरले. १९२२ साली पॅरिसच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत स्वरयंत्राच्या कर्करोगाचे सहा रुग्ण मांडण्यात आले. किरणांनी त्यांचा रोग आटोक्यात आला होता आणि स्वरयंत्र जागेवर होते. चाकूशिवाय घसा वाचू शकतो, हे जगाला दिसले. कुतार बारकाईने निरीक्षण करणारे होते. उपचार सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घशाचे अस्तर सोलवटते आणि पुढे भरून येते, हे त्यांनी नोंदवून ठेवले. आजही नेहमीचा पाठ त्यांच्याच रीतीचा आहे: रोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, सुमारे सात आठवडे, एकूण ७० ग्रे.

ग्रे म्हणजे काय? एक किलो ऊतीत एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली, तर ती मात्रा एक ग्रे. आपल्याकडे रुग्ण या उपचाराला 'शेक' किंवा 'लाइट' म्हणतात. पण ७० ग्रे एवढी ऊर्जा एकदम एक किलो पाण्याला दिली, तर त्याचे तापमान एका अंश सेल्सिअसच्या जेमतेम साठाव्या भागाने वाढेल! एक घोट कोमट चहाने याहून जास्त शेक बसतो. तेव्हा हे काम उष्णतेचे नव्हे. किरण अणूंतील इलेक्ट्रॉन उडवतात, त्यातून पेशीतल्या डीएनएचे धागे तुटतात, आणि विभाजनाच्या वेळी पेशी मरते. १९५१ साली कॅनडात कोबाल्ट-६० ची यंत्रे वापरात आली. त्यांचे किरण अधिक भेदक असल्याने कातडीवरचा भार कमी झाला, आणि खोलवरच्या गाठींपर्यंत पुरेशी मात्रा पोचू लागली.

आवाज की आयुष्य?

आता शस्त्रक्रिया आणि किरण असे दोन पर्याय झाले. वाढलेल्या रोगात शस्त्रक्रियेने जगण्याची शक्यता अधिक, पण आवाज जातो. किरणांनी आवाज राहतो, पण शक्यता कमी. निवड कशी करायची? १९८१ साली अमेरिकेत मॅकनील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३७ निरोगी माणसांना हाच पेच घातला. त्यांत १२ अग्निशामक दलाचे जवान आणि २५ कंपन्यांतले अधिकारी होते. सुमारे २० टक्के लोक आवाजासाठी आयुष्याचा काही भाग सोडायला तयार होते. डॉक्टर फक्त 'किती वर्षे जगला' हे मोजत होते, माणसे मात्र 'कसा जगला' हेही मोजतात, हे आकड्यांत उतरले. परंतु त्या अभ्यासातला प्रश्नही आवाजापुरताच होता. गिळण्याबद्दल कोणी विचारले नाही.

१९९१ साली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ३३२ रुग्णांपैकी निम्म्यांची शस्त्रक्रिया करून नंतर किरण दिले. उरलेल्यांना आधी औषधे आणि मग किरण दिले. दोन वर्षांनी दोन्ही गटांत ६८ टक्के रुग्ण जिवंत होते, आणि औषध-किरण गटातल्या ६४ टक्के रुग्णांचे स्वरयंत्र शाबूत होते. २००३ मधल्या दुसऱ्या चाचणीत औषध आणि किरण एकाच वेळी दिल्यावर हे प्रमाण ८८ टक्क्यांवर गेले. आवाज आणि आयुष्य दोन्ही मिळाले, असा आनंद होणे साहजिकच होते.

पण याच दुसऱ्या चाचणीचा दहा वर्षांचा पाठपुरावा २०१३ साली प्रसिद्ध झाला. तीन गटांपैकी ज्या गटाला औषध आणि किरण एकदम दिले होते, त्या गटात कर्करोग किंवा उपचार यांच्याशी न जोडलेल्या मृत्यूंचे प्रमाण अधिक निघाले: ३०.८ टक्के. केवळ किरण दिलेल्या गटात ते १६.९ टक्के होते. कारण सिद्ध झाले नाही. मात्र लक्षात न आलेले उशिराचे दुष्परिणाम, त्यांत घास आणि पाणी फुप्फुसात उतरणे, याकडे संशयाचे बोट वळले. स्वरयंत्र 'वाचले' म्हणून ज्यांची नोंद झाली, त्यांतल्या काहींचे स्वरयंत्र पहारा द्यायचेच विसरले होते. अवयव वाचणे आणि त्याचे काम वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

न दिसणारा घास

आवाज बसला तर शेजाऱ्यालाही कळते. घास चुकीच्या वाटेने गेला तर आपल्याला ठसका लागतो, म्हणून तोही कळतो, असे आपण मानतो. इथेच फसगत होते. घशाच्या अस्तराची संवेदना मंदावली, तर पाणी श्वासनलिकेत उतरूनही ठसका येत नाही. रोगी शांतपणे जेवतो, आणि पुढे वारंवार न्यूमोनिया होतो. जे दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, ते मोजणार कसे?

ते दाखवले त्याच क्ष-किरणांनी. १८९६ साली, म्हणजे राँटजेन यांच्या शोधाला जेमतेम वर्ष होत असताना, हार्वर्डमधील वॉल्टर कॅनन या विद्यार्थ्याने प्राण्यांच्या गिळण्याचा अभ्यास हाती घेतला. त्याने एका हंसिणीला बिस्मथ मिसळलेले अन्न दिले, आणि तिच्या लांब मानेतून घास उतरताना चमकणाऱ्या पडद्यावर पाहिला. बिस्मथची जागा पुढे बेरियमने घेतली. गिळण्याचे चलच्चित्र घेता येऊ लागले. तरी घशाचा तो एक सेकंद बराच काळ दुर्लक्षित राहिला. लक्ष असे ते अन्ननलिका आणि जठर यांच्याकडे.

ते लक्ष घशाकडे वळवण्यात मोठा वाटा जेरी लोगेमन यांचा. त्या डॉक्टर नव्हत्या, तर वाणी आणि उच्चार यांच्या अभ्यासक होत्या. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात त्यांनी कर्करोगाचे आणि पक्षाघाताचे रुग्ण पाहिले. मोजून दिलेले पातळ बेरियम, दाट बेरियम आणि बिस्किटाचा तुकडा असे घास देऊन प्रत्येक घासाचे चित्रण करण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. १९८३ साली त्यांचे या विषयावरचे पुस्तक आले. त्यांच्या परीक्षेत 'गिळता येते का?' एवढाच प्रश्न नसे. दोष कोणत्या क्षणी होतो, जिभेचे मूळ मागे येत नाही की स्वरयंत्र वर चढत नाही, आणि मान खाली केली किंवा घास दाट केला तर तो टळतो का, हे त्या पाहत. १९८८ साली सुसान लँगमोर यांनी नाकातून लवचीक दुर्बीण घालून गिळणे पाहण्याची पद्धत मांडली. तिला किरण लागत नाहीत, आणि ती रुग्णाच्या खाटेपाशीही करता येते.

किरणांनी नेमके काय बिघडते?

दिसू लागल्यावर कारणे शोधता आली. उपचार चालू असताना अस्तर सोलवटते, चव जाते आणि लाळ आटते. लाळ म्हणजे नुसते पाणी नव्हे. ती घासाला बांधते, वंगण देते आणि दातांचे रक्षण करते. कोरड्या तोंडाने भाकरीचा तुकडा चावून पाहिला तर तिचे महत्त्व पटते. तिच्यावाचून बोलतानाही जीभ टाळूला चिकटते.

अस्तर काही आठवड्यांत भरून येते. पण खालच्या थरात एक दुसरीच क्रिया सावकाश चालू राहते. दुखावलेल्या ऊतीत तंतुपेशी कोलॅजेनचे धागे विणत बसतात. जखम भरल्यावर हे विणकाम थांबायला हवे, पण किरण लागलेल्या भागात ते महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. स्नायू राठ होतात. जबडा पुरता उघडत नाही, स्वरयंत्र वर चढत नाही, जिभेचे मूळ घशाच्या भिंतीला टेकत नाही. 'क' आणि 'ग' म्हणायला जिभेचा मागचा भाग उचलावा लागतो; ते उच्चार बोथट होतात. घशात घासाचा अंश उरतो आणि नंतर श्वासाबरोबर खाली जातो. त्यात आणखी एक भर: दुखते म्हणून रोगी गिळणेच सोडतो, नळीने पोषण सुरू होते, आणि न वापरलेले स्नायू झिजतात.

वाचवायचे ते नेमके ठरवणे

कारण कळले की उपाय सुचतो. संगणकाने किरणशलाकेची तीव्रता जागोजागी कमीजास्त करण्याचे तंत्र १९९० च्या दशकात आले. त्यामुळे गाठीला पूर्ण मात्रा देऊन शेजारच्या अवयवाला सावलीत ठेवणे शक्य झाले. पहिला मान मिळाला कानापुढच्या मोठ्या लाळग्रंथीला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत एक वर्षानंतर तोंडाचा त्रासदायक कोरडेपणा जुन्या पद्धतीने ७४ टक्के, तर नव्या पद्धतीने ३८ टक्के रुग्णांत आढळला. आपल्याकडे मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रानेही अशी चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१२ साली आले. ६० रुग्णांच्या या चाचणीत उपचारकाळातला मध्यम किंवा तीव्र लाळदोष ८९ टक्क्यांवरून ५९ टक्क्यांवर आला.

पाळी घासाचीही आली. २००४ साली मिशिगनच्या आयसब्रुख आणि सहकाऱ्यांनी उपचाराआधीची व नंतरची चित्रणे ताडून पाहिली. घशाच्या भिंतीतले आकुंचन पावणारे स्नायू आणि स्वरयंत्राचा भाग यांना झालेली इजा गिळणे बिघडवते, असे त्यांनी दाखवले. मग या स्नायूंना जाणूनबुजून वाचवले तर? ब्रिटन आणि आयर्लंडमधील ११२ रुग्णांच्या चाचणीचे उत्तर २०२३ साली आले. गिळण्याविषयी रुग्णांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावलीत वर्षानंतर स्नायू वाचवलेल्या गटाला सरासरी ७७.७, तर दुसऱ्या गटाला ७०.६ गुण मिळाले. फरक डोळे दिपवणारा नाही. पण या चाचणीत मुख्य मोजमाप जगणे हे नव्हते, गाठीचा आकारही नव्हता, तर 'तुम्हाला जेवता कसे येते?' हे होते. आम्हा संशोधकांना यातला खरा बदल इथे दिसतो.

दुसरा उपाय यंत्राविना होणारा आहे. २०१३ साली अमेरिकेतील ४९७ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. उपचारकाळात जे तोंडाने खात राहिले आणि गिळण्याचे व्यायामही करत राहिले, त्यांची नंतरची स्थिती सर्वांत चांगली होती. अर्थात, ज्यांचा त्रास मुळात कमी त्यांनाच खाणे जमले असेल, ही शंका अशा अभ्यासात उरतेच. तरीही उपचार सुरू होण्याआधीच वाणी आणि गिळणे यांच्या तज्ज्ञाकडे जावे, असा सल्ला आता सर्रास दिला जातो.

आपल्या घराशी आणि शाळेशी

भारतातील पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग आघाडीवर आहे, आणि तंबाखू व सुपारी ही त्याची मोठी कारणे आहेत. तोंडाच्या रोगात बहुधा आधी शस्त्रक्रिया आणि मग किरण, अशी दुहेरी झळ त्याच स्नायूंना बसते. उपचाराची यंत्रे आपल्याकडेही बनली. भाभा अणुसंशोधन केंद्राचे 'भाभाट्रॉन' हे कोबाल्ट यंत्र त्याचे उदाहरण. गिळायला पुन्हा शिकवणारी माणसे मात्र मोठ्या शहरांबाहेर सहज भेटत नाहीत. अशा वेळी घरच्यांची समजूत फार मोलाची ठरते. ठसका लागला की आपण चटकन पाण्याचा पेला पुढे करतो. पण पातळ पाणी सर्वांत वेगाने धावते, आणि संथ झालेली झडप मिटण्याआधीच ते खाली उतरू शकते. अशा काही रुग्णांना पाण्यापेक्षा दाट पेज किंवा दही सोपे जाते. कोणाला काय चालेल हे तज्ज्ञाने तपासूनच ठरवायचे असते. पण 'घास घशाखाली उतरला' याचा अर्थ 'योग्य वाटेने उतरला' असा नाही, एवढे तरी घरात माहीत असावे.

शाळेत पचनसंस्था शिकवताना आपण तोंडावरून थेट अन्ननलिकेवर उडी मारतो. श्वसन शिकवतो ते दुसऱ्या धड्यात, आणि वर्णांची स्थाने मराठीच्या तासाला. तिन्ही धडे ज्या एका जागी मिळतात, तो घशातला चौक कुठल्याच तासाला येत नाही. तो एकदा शिकवावा. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी उपचार घेऊन आलेले कोणी पानावरून मुकाट्याने उठून जात असेल, तर त्यामागे रुसवा नसून राठ झालेले स्नायू असू शकतात, हे त्या मुलाला कळेल. 'आता कसे आहात?' याबरोबर 'जेवण जाते का?' हेही त्या रुग्णाला विचारावे, हे त्याला सुचेल. वैद्यकाला हा प्रश्न विचारायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.